तिसऱ्या माळ्यावरच्या पिसवा : प्रकल्प नोंदी, जुलै ते ऑक्टोबर २०२५

१३ जुलै

गिरगावातली आमची चाळ, तिसरा माळा. लाकडी फळ्यांची जमीन, सगळ्यांची मिळून एक गॅलरी, दोन टोकांना दोन जिने. मांजरं अशी: आमच्या खोलीतली पांढरी चिनी, जिन्याच्या वळणावर व्यालेली भागी आणि तिची पिल्लं, आणि सरदार नावाचा बोका. सरदार कुणाचाच नाही, पण जेवायला सगळ्यांकडे येतो.

पाऊस लागल्यापासून माळ्यावरच्या मुलांच्या घोट्यांभोवती आणि पोटऱ्यांवर लाल फोड दिसतायत, बहुतेक दोन-तीन जवळजवळ. डास असते तर हातावर, मानेवरही चावले असते. इकडे चिनी रात्रभर खाजवते. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला केस गेलेत. पाठीवरून हात फिरवला तर कातडीवर रवा सांडल्यासारखं बोटांना लागतं. केसांमुळे डोळ्यांना काही दिसत नाही.

आज उवांची बारीक दातांची फणी घेतली आणि चिनीला मांडीवर घेऊन कंबरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत हळूहळू विंचरलं. जिवंत पिसू एकही निघाली नाही. फणीत केस आले आणि त्यात काळे, किंचित वाकडे कण. ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकले. माती असती तर काळीच राहिली असती. इथे थोड्या वेळात एकेका कणाभोवती तांबूस वलय पसरायला लागलं. हे रक्त. पिसू गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्त पिते आणि बरंचसं विष्ठेतून तसंच बाहेर टाकते. हे कण म्हणजे तीच वाळलेली विष्ठा.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पण पिसवा कुठे दिसतायत?" मांजर जागेपणीचा बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं आणि त्या खरखरीत जिभेने पिसवा ओढून गिळून टाकतं. त्यामुळे पिसवांनी हैराण झालेल्या मांजराच्या अंगावर शोधूनही पिसू सापडत नाही, असं सर्रास होतं. ओल्या कागदाची परीक्षा जास्त भरवशाची.

काम एका खोलीपुरतं करून भागणार नाही. मांजरं सगळ्या खोल्यांतून फिरतात, फळ्या इकडून तिकडे सलग आहेत. अख्ख्या माळ्याचा मिळून प्रकल्प करायचा आणि त्याच्या नोंदी या वहीत ठेवायच्या, असं गॅलरीत ठरलं.

१५ जुलै

चिनीला परळला जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी कानांत, बगलेत, शेपटीखाली पाहिलं. बुरशीसाठी दिवा लावून तपासलं, बुरशी नाही. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे म्हणाले. पिसू चावताना लाळ सोडते आणि काही मांजरांचं शरीर त्या लाळेतल्या प्रथिनांवर भडकतं. अशा मांजराला अंगावर पिसवांचा थवा असावा लागत नाही, अधूनमधून झालेले थोडे दंशही पुरतात. म्हणून एकाच घरातलं एक मांजर रक्तबंबाळ होईपर्यंत खाजवतं आणि दुसरं मजेत झोपलेलं असतं.

खाज उतरायला औषध दिलं. पण मूळ उपाय पिसवा काढण्याचाच, आणि त्यासाठी सगळ्या मांजरांची वजनं आणून द्या म्हणाले.

१७ जुलै

भागीच्या पिल्लांना आज नीट हातात घेतलं. या कामातला सगळ्यात तातडीचा भाग हाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पिल्लं जेमतेम महिन्याची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळ्यात बारकं भरलं ४०० ग्रॅम. पोटावरचे केस विरळ, त्यामुळे तिथे पिसवा उघड पळताना दिसल्या: तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारख्या चपट्या, केसांमधून आडव्या सटकणाऱ्या. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दोघांच्या गुलाबी आहेत. बारक्याच्या जवळजवळ पांढऱ्या.

हिशेब करून पाहिला की अंगावर काटा येतो. पिसवेची मादी दिवसाला साधारण १३.६ मायक्रोलिटर रक्त पिते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पंधरापट. ७० ते ७५ माद्या मिळून दिवसाला एक मिलिलिटर. मोठ्या मांजराला तो तोटा भरून काढता येतो. ४०० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात एकूण रक्त असतं जेमतेम २५ मिलिलिटरच्या आसपास. रोज एक मिलिलिटर गेलं तर आठवड्याभरात त्याचा पाव हिस्सा जाईल, आणि एवढ्या वेगाने नवं रक्त बनवणं त्याला जमत नाही. पिल्लू मलूल होतं, दूध ओढत नाही, थंड पडतं आणि जातं. लोक म्हणतात, "जन्मतःच अशक्त होतं." अनेकदा ते अशक्त नसतंच, त्याचं रक्त संपलेलं असतं.

मानेवर टाकायचे जे थेंब चिनीला मिळणार आहेत ते आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना चालत नाहीत. म्हणून बारक्याला तसंच टॉवेलात गुंडाळून डॉक्टरांकडे पाठवलं आणि उरलेल्या दोघांचं हाताने काम केलं. फणी फिरवायची, आलेल्या पिसवा लगेच साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवायच्या. साबण असेल तर त्या पाण्यावर तरंगत नाहीत, तळाला जातात. नखावर चिरडायच्या नाहीत. कोपऱ्यातल्या खोलीतली दहावीतली मुलगी वाटी धरून बसली होती. मधेमधे पिल्लांना ऊब द्यावी लागते, ओलं ठेवून चालत नाही. हे आता सकाळ-संध्याकाळ.

१८ जुलै

बारकं परत आलं. उबेच्या पिशवीवर ठेवलंय, रक्तवाढीचं औषध ड्रॉपरने. अंथरायच्या जुन्या साड्या रोज बदलायच्या.

२० जुलै

आज जमीन तपासली. दोन फळ्यांमधल्या फटीत जुनी पट्टी घालून चिनीच्या नेहमीच्या जागेखालची धूळ काढली आणि काळ्या कागदावर पसरली. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर धुळीत बारीक पांढरी अंडी, मिठाच्या कणांएवढी, आणि त्यात मिसळलेले तेच काळे कण. मग काहीतरी हललं. चार-पाच मिलिमीटरची, दोऱ्याएवढी पांढुरकी अळी, अंगावर विरळ केस, डोळे नाहीत, पाय नाहीत. टॉर्च जवळ नेला की ती वळून धुळीखाली जायची. काचेच्या बाटलीत भरून माळ्यावर सगळ्यांना दाखवली. त्या एका बाटलीने जे काम केलं ते माझ्या सांगण्याने झालं नसतं.

सगळी गोष्ट या फटीत आहे. मादी मांजराच्या अंगावर चढल्यावर काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि दीड दिवसाच्या आत अंडी घालायला लागते, दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत. अंडी गुळगुळीत असतात, केसांत टिकत नाहीत. मांजर जिथे बसेल, उडी मारेल, अंग झटकेल तिथे पडतात. त्यांच्याबरोबर वाळलेल्या रक्ताचे कणही पडतात, आणि अळीचं मुख्य अन्न तेच. म्हणजे आई अंडी आणि शिधा एकाच जागी टाकत जाते. अळीला अंधार आणि दमट हवा लागते. जुलैच्या मुंबईत दोन्ही फुकट.

पशुवैद्यकात मोटामोटी धरतात की प्रौढ पिसवा सगळ्या लोकसंख्येच्या पाच टक्के. उरलेली पंच्याण्णव टक्के अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात. आपण मांजराला साबण लावतो तेव्हा त्या पाच टक्क्यांशी भांडत असतो.

प्रत्येक खोलीतल्या मांजरांच्या झोपायच्या जागा खडूने खुणावल्या. ट्रंकांमागे, शिलाई मशीनच्या पायांशी, देवघराखाली, जिन्याच्या वळणावर. साफसफाईचा नकाशा हाच.

२३ जुलै

गॅलरीत बैठक. कुणाच्या घरात काय काय उपाय तयार आहेत ते आधी बाहेर काढायला सांगितलं. रॉकेलचा बोळा, तंबाखूचं पाणी, कापूर, कडुलिंबाचं तेल, एका काकांच्या पोटमाळ्यावरून गॅमेक्झिन म्हणून ठेवलेला पांढऱ्या पावडरीचा जुना डबा, आणि कुत्र्यांची गोचीड पावडर.

यातलं कडुलिंबाचं तेल सोडून बाकी सगळं त्याच संध्याकाळी बाद केलं, आणि कडुलिंबावरही भिस्त ठेवायची नाही असं ठरलं. कारण सांगितलं ते इथे लिहून ठेवते. मांजर अंगावरचं सगळं चाटतं. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटीन पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेततं. रॉकेलने कातडी भाजते आणि त्याची वाफ फुप्फुसात जाते. गॅमेक्झिनमधलं बीएचसी हे कीटकनाशक भारतात १९९७ पासून बंद आहे. तो डबा मुलांच्या घरात असणंच चुकीचं.

सगळ्यात जास्त वेळ कुत्र्याच्या औषधावर गेला, आणि गेलाच पाहिजे. कुत्र्यांसाठीच्या बऱ्याच पावडरी आणि थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याचं यकृत त्याचा निचरा करतं. मांजराच्या यकृतात अशा द्रव्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर काढणारी यंत्रणा फार कमजोर आहे, त्यामुळे परमेथ्रिन शरीरात साठतं. काही तासांत कान आणि कातडी फडफडायला लागते, लाळ गळते, अंग थरथरतं, मग झटके. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर मांजर मरतं. "थोडंसंच लावलं होतं" हे त्या मांजराच्या उपयोगाचं नसतं. याच कमजोरीमुळे फिनेल, कापूर आणि टी ट्री तेलही मांजरांपासून लांब ठेवायचं.

दुसऱ्या माळ्यावरच्या लॅब्रॅडॉरला महिन्याला थेंब घालतात आणि चिनी दुपारी त्याच्या पाठीला पाठ लावून झोपते. पाकीट मागवून वाचलं: परमेथ्रिन. त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन करून मांजरांच्या सहवासात चालणारं औषध लिहून घेतलं. त्यांचे आभार. कुत्र्यावरसुद्धा बहुतेक वेळा मांजराचीच पिसू असते, म्हणून त्याची तारीखही आमच्या तारखेला जोडून घेतली.

२७ जुलै

पहिला डोस. चिनी, भागी, सरदार, दुसऱ्या माळ्यावरचा लॅब्रॅडॉर आणि तळमजल्यावरच्या शिंप्याची मांजर, सगळ्यांना एकाच दिवशी. एक जरी सुटलं तरी अंडी पडत राहतात.

मांजरांना फिप्रोनिल या पिसूनाशकाचे, मांजरांसाठीच्या मापाचे थेंब. मानेमागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस फाकवून कातडी दिसली की तिच्यावरच नळी रिकामी करायची. केसांवर घातलं तर वाया जातं. औषध कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं आणि महिनाभर टिकतं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. भागीला पिल्लं पितात म्हणून डॉक्टरांना आधी विचारलं, आणि थेंब वाळेपर्यंत पिल्लं तिच्यापासून वेगळी ठेवली.

सरदार हाताला येत नाही. सुक्या बोंबलाचा तुकडा, टेलरकाकांची शांतपणे चालणारी बोटं, आणि तो खाण्यात गुंग असताना मागून एक थेंबनळी. खाऊन झाल्यावर तो निघून गेला, त्याला कळलंही नाही.

५ ऑगस्ट

कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींनी मला आत बोलावून हळू आवाजात विचारलं, "पिसवा म्हणजे प्लेग ना गं?" त्यांच्या सासऱ्यांच्या तोंडून त्यांनी गिरगाव रिकामं झाल्याच्या आठवणी ऐकल्या आहेत. भीती साधार आहे, म्हणून नीट बसून सांगितलं.

१८९६ साली मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मेट्रो सिनेमासमोर ज्यांचा पुतळा आहे तेच. प्लेगची लस बनवणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण रोग माणसापर्यंत येतो कसा, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदराकडून उंदराकडे तो पिसवेमार्फत जातो हे दाखवलं, आणि लोकांनी ते चटकन मानलं नाही. पुढे प्लेग आयोगाच्या संशोधकांनी मुंबईतल्याच प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. पिसवा त्यांच्यावर चढल्या आणि ते आजारी पडले. आमच्यासारख्याच खोल्या त्या. ती पिसू उंदराची, वेगळ्या जातीची. मांजराची पिसू प्लेग पसरवण्यात फारच कच्ची.

तिचे धोके वेगळे. बार्टोनेला नावाचा जिवाणू पिसवांमुळे मांजरा-मांजरांत पसरतो, पिसवेच्या विष्ठेतून मांजराच्या नखांत येतो आणि ओरखड्यातून माणसात. मांजर बहुधा ठणठणीत दिसतं. माणसाला ताप येतो, बगलेत किंवा मानेला गाठ सुजते. निरोगी माणूस सहसा बरा होतो. पण माळ्यावर एका मावशींची केमो चालू आहे. त्यांच्या खोलीत मांजरांना सध्या मज्जाव, ओरखडा आला तर लगेच साबणाने धुणं आणि डॉक्टरांना मांजराचा ओरखडा असं स्पष्ट सांगणं, हे त्यांच्या मुलाला लिहून दिलं.

१४ ऑगस्ट

तक्रारी. "औषध फुकट गेलं, पिसवा परत आल्या." समोरच्या बंद खोलीचे मालक सुट्टीहून परतले, कुलूप काढून आत गेले आणि गुडघ्यापर्यंत पिसवा चढल्या.

हे होणार होतं, आणि का होतं ते कळलं नाही तर लोक इथेच सोडून देतात. अळी पूर्ण वाढली की चिकट रेशमाचा कोष विणते. त्याला धूळ चिकटते आणि तो धुळीतून ओळखू येत नाही. फवारा त्याच्या आत पोचत नाही. आत तयार झालेली पिसू घाई करत नाही. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांतलं काही जाणवलं की काही सेकंदांत बाहेर. जाणवलं नाही तर कित्येक महिने थांबते. बंद खोलीत त्या थांबून होत्या. दार उघडलं, पावलं वाजली, सगळ्या एकदम निघाल्या.

म्हणून आज दिसणारी पिसू औषध हरल्याची खूण नाही. ती जूनमधल्या अंड्यातली आहे, आणि औषध लावलेल्या मांजरावर उडी मारली की अंडी घालण्याआधी मरते. हा साठा संपायला तीन महिने धरायचे. भिंतीवर लिहून लावलं: तीन महिने, एकही डोस न चुकवता.

मोजमापासाठी दोन साध्या युक्त्या सुरू केल्या. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून खोलीभर चालायचं. आणि रात्री जमिनीवर पसरट ताटात साबणाचं पाणी, त्यावर टेबललॅम्प. पिसवा उजेडाकडे आणि उबेकडे उडी मारतात. बंद खोलीतलं ताट सकाळी ठिपक्यांनी भरलेलं होतं.

२३ ऑगस्ट

गणपतीच्या साफसफाईत आमची साफसफाई मिसळून घेतली. यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता. एरवी जी ट्रंक वर्षभर हलत नाही ती या आठवड्यात हलते.

व्हॅक्युम क्लीनर एकच, खोलीमागून खोली फिरला. निमुळतं तोंड लावून प्रत्येक फट ओढली. त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, हा फायदाच. पिशवी लगेच बंद करून कचऱ्यात. रिकाम्या फटींत सुतारकाकांनी लांबी (पुट्टी) भरली. गोधड्या, उशांचे अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात. ऊन नाही, म्हणून इस्त्रीवाल्याने जाड गोधड्यांवरून कडक इस्त्री फिरवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. फटींच्या भागात ओला पोछा थांबवला, पंखे चालू ठेवले, कारण कोरडेपणा अळीला सोसत नाही.

२६ ऑगस्ट

दुसरा डोस. हरतालिकेच्या गडबडीतही कुणी चुकवलं नाही. पिल्लं आता पात्र वयाची, एक किलोच्या थोडी पुढे गेली की त्यांनाही. बारक्याच्या हिरड्या गुलाबी झाल्यात. ते आता भागीच्या शेपटीवर झडप घालतं.

७ सप्टेंबर

विसर्जनाच्या जागरणानंतर सगळा माळा झोपलेला. चिनीच्या शेपटीखाली केसांना तांदळाच्या कण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं; ताजा कण आखडत, पसरत होता. डायपिलिडियम या पट्टकृमीचे तुकडे. त्याचं मूळही पिसूच. कृमीची अंडी पिसवेची अळी खाते, तो तिच्यात वाढतो, आणि मांजराने चाटताना ती पिसू गिळली की आतड्यात पोचतो. नुसतं जंताचं औषध देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर काही आठवड्यांत कृमी पुन्हा. प्राझिक्वान्टेल ही जंताची गोळी वजनाप्रमाणे, भागी आणि सरदारलाही. रांगणाऱ्या बाळाने पिसू गिळली तर त्यालाही होऊ शकतो. वहिनींच्या छोटूच्या खेळायच्या सतरंजीची जागा बदलली.

२५ सप्टेंबर

तिसरा डोस, पिल्लांसह. मोज्यांवर काही नाही. ताटात एक.

१९ ऑक्टोबर

चिनीच्या शेपटीच्या मुळाशी केस परत आलेत, आधी करडे आणि मऊ, आता पांढरे. पाठीवरून हात फिरवला तर काही लागत नाही. बंद खोलीतलं ताट गेले काही दिवस स्वच्छ. मुलांचे पाय स्वच्छ.

दोन पिल्लांना घरं मिळाली, एक फणसवाडीत, एक ठाण्याला. दोघांबरोबर फणी आणि डोसच्या तारखांचा कागद दिला. बारकं कोपऱ्यातल्या आजींकडेच राहणार. भागीची नसबंदी दिवाळीनंतर ठरली आहे. जिन्यात दर वर्षी नवी पिल्लं येत राहिली तर हे सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

काल सरदार एका अनोळखी करड्या बोक्याला बरोबर घेऊन आला. फणी, ओला कागद: तांबूस वलयं. पुढचा डोस २५ तारखेला सगळ्यांबरोबर होईल, पण या नव्याला आजच घातला. नळ्यांचा डबा वहिनींच्या कपाटात, वरच्या खणात; किल्ली टेलरकाकांकडे.